तो व्हॉल्व्ह वाजत होता

हे महानंदाला ठाऊक नाही. मन्मथला तर नाहीच नाही. माझ्या पोरांना, माझ्या साउंडवर राबलेल्या माणसांना, नांदेडात ज्यांच्यासोबत रोज चहा होतो त्या मित्रांना — कुणालाच नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असता तर आत्तासुद्धा काहीतरी थाप मारून वेळ मारून नेली असती. ती कला आहे मला.

व्हॉल्व्हपासून सुरू करतो. म्हणजे — सुरुवात तिथून झाली नाही, पण तिथून सांगायला सोपं जातं.

महानंदा माझी बायको. मन्मथ तिचा धाकटा भाऊ. लातूरला त्याचं भांड्यांचं दुकान, वडिलांच्या आधीपासूनचं. मी नांदेडचा, मंडप आणि साउंडवाला. लग्नं, जत्रा, जयंतीच्या मिरवणुका, गणपती — भोंग्यांच्या जमान्यापासून भिंतीएवढ्या स्पीकरांपर्यंत उभी हयात त्यातच गेली. त्यामुळे सासुरवाडीत माझा भाव मोठा. आवाजाचं काही निघालं की, दाजींना विचारा. टीव्ही घ्यायचाय, दाजींना विचारा. देवळातला माइक शिट्ट्या मारायलाय, दाजींना बोलवा. मोबाईलचा आवाज फाटतोय — तेही दाजीच! मला हे आवडायचं. खोटं कशाला बोलू, लई आवडायचं.

मन्मथला गाण्यांचं वेड. का, ते सांगायला हवं. माझे सासरे शेवटची बरीच वर्षं ठार बहिरे होते. गल्ल्यावर बसायचे, गिऱ्हाईक ओरडून ओरडून थकायचं. गल्लीतली कार्टी समोर येऊन नुसते ओठ हलवायची, आवाज न काढता, आणि म्हातारा बिचारा "काय? काय?" करायचा. मन्मथनं हे सगळं जवळून बघितलेलं. त्याच्या मनात एकच धास्ती — आपलंही असंच होणार. म्हणून म्हणायचा, "दाजी, कान हायेत तोवर ऐकून घ्यायचं." बाकी माणसाला ना विडी ना सुपारी. सगळी हौस त्या एका गाण्यांच्या खोलीत.

आणि कान काय होते त्याचे! — होते कशाला म्हणतोय मी? आहेत. त्यांच्या दुकानाची एक रीत आहे. लग्नाचा भांड्यांचा संच दुकानातून बाहेर पडायच्या आधी मन्मथ प्रत्येक भांडं बोटानं वाजवून देणार. तांब्या, घागर, परात — टण्ण. मान हलली की पुढचं. मधेच थांबायचा, तेच भांडं पुन्हा वाजवायचा आणि गुपचूप बाजूला ठेवायचा. तुम्ही कितीही उलटंपालटं करून बघा, डोळ्यांना काही दिसायचं नाही. पण कुठंतरी केसाएवढी चीर, नाहीतर डाग देऊन बुजवलेलं छिद्र निघायचंच. शिरूर अनंतपाळ, निलंगा, उदगीरकडचे लोक दुसरीकडून घेतलेली भांडीसुद्धा त्याच्याकडून वाजवून न्यायचे. मन्मथअप्पांनी वाजवून दिलंय, एवढं म्हटलं की नवरीच्या सासरचं कुणी त्या भांड्याला नाव ठेवत नसे. तीच त्याची इज्जत होती. दुकानापेक्षा मोठी.

तर — हैदराबादच्या एका माणसाकडून त्यानं प्रीअँप्लिफायर आणला. रेकॉर्डवरून येणारा नाजूक आवाज मोठ्या अँप्लिफायरला देण्याआधी जरा वाढवून, नीट करून देणारा डबा. आणि हा होता व्हॉल्व्हचा. जुन्या रेडिओत असायच्या तशा अंगठ्याएवढ्या काचेच्या नळ्या, चालू केलं की आत नारंगी उजेड. काही दिवस झकास चालला. मग खरखर सुरू झाली. व्हॉल्व्ह म्हातारे झाले की होतं तसं. बदलायला हवे होते. एवढंच.

एवढंच! अहो, बदलायचे कुठून? लातुरात मिळत नाहीत, नांदेडात मिळत नाहीत, रेडिओवाल्यांनी कधीच भंगारात घातलेत. म्हणजे मागवायचे. कुठले मागवायचे? चिनी नवे, रशियन नवे, की युरोपातले जुने, न वापरलेले? आणि त्या वेबसाइटवर लोक काय एकेक लिहितात! एका व्हॉल्व्हचा आवाज म्हणे उबदार, एकाचा रेशमी, एकात म्हणे हवा आहे. हवा! व्हॉल्व्हमध्ये हवा शिरली तर तो जळतो, येड्यांनो. एकाच व्हॉल्व्हला एक जण गोड म्हणतो, दुसरा कर्कश. त्यात नकली माल — स्वस्तातल्या व्हॉल्व्हवरचं नाव पुसायचं, भारीतलं छापायचं आणि विकायचं. मी मागवलेल्या पहिल्या जोडीतला एक फुटूनच आला. दुसऱ्या जोडीत एक बाजू बारीक, एक मोठी. विकणारा म्हणतो, साहेब जुळवून दिलेत. कशाशी जुळवले, माझ्या कपाळाशी? नुसता बेजार झालो होतो मी. फोनवर त्या विकणाऱ्यांशी भांडून माझा घसा बसायचा, आणि मन्मथ मात्र शांत. "दाजी, तुमी म्हणाल तो घेऊ."

आजही हे वाक्य आठवलं की अंगाची लाही होते. मी म्हणेन तो. असं कुणी म्हणतं का?

शेवटी मी जुन्या, न वापरलेल्या व्हॉल्व्हची जोडी मिळवली. कुणाकुणाच्या हातापाया पडून. पोस्टानं न पाठवता स्वतः लातूरला घेऊन गेलो, छाती फुगवून. मन्मथच्या खोलीत गल्लीतले दोघंतिघं ऐकायला जमलेले. व्हॉल्व्ह मीच बसवले. गाणं लागलं, माना डोलल्या, वाहवा झाली. ती वाहवा गाण्याची होती की माझी, याचा मी फारसा विचार केला नाही. माझीच म्हणून घेतली.

व्हॉल्व्ह निवडताना एक तपासणी करतात. डबा चालू ठेवून पेन्सिलीच्या मागच्या टोकानं व्हॉल्व्हला हलकी टिचकी द्यायची. चांगला असेल तर स्पीकरमधून नुसतं ठक् येतं. आतले भाग सैल असतील तर ठक् झाल्यावर मागे बारीक किणकिण रेंगाळते, देवळातल्या छोट्या घंटीसारखी. असला व्हॉल्व्ह घ्यायचा नसतो, गाणं चालू असताना तोही मधेमधे किणकिणतो. ही तपासणी मीच मन्मथला शिकवलेली. भांडीवाल्याला मी टिचकी मारायला शिकवली, बघा!

त्यानं पहिल्याला टिचकी दिली. मान हलवली. दुसऱ्याला दिली — आणि थांबला. पुन्हा दिली.

"दाजी, ह्यो वाजायलाय."

मी कान दिला. ठक् ऐकू आलं. त्याच्यापुढं काही नाही.

"कुठं वाजतोय?"

"हे काय, किण्ण करून लांब जायलंय की."

ऐकायला बसलेल्यांपैकी एक जण "हाव, जरासं —" असं म्हणाला आणि माझं तोंड बघून गप्प झाला. मग सगळेच माझ्याकडं बघायला लागले. सवयच ती. आवाजाचं काही असलं की दाजींकडं बघायचं. मी सगळ्यांसमोर खदखदून हसलो आणि म्हणालो, "मन्मथ, अरे तुझे कान वाजतात! भांडी बडवून बडवून गेले तुझे कान. मामांचंही असंच सुरू झालं होतं."

मामा म्हणजे माझे सासरे. त्यांचं कसं सुरू झालं होतं, हे मला काय ठाऊक? काहीच ठाऊक नव्हतं. पण बोललो. तेच वाक्य नेमकं कुठं लागणार, हे मात्र ठाऊक होतं.

मन्मथ आधी आमच्यासोबत हसला. मग त्यानं आणखी एकदा हळूच टिचकी दिली, मान तिरपी करून ऐकलं, आणि माझ्याकडं बघितलं. माझ्या तोंडावर काहीतरी शोधत होता. मी हसतच राहिलो. त्यानं पेन्सिल ठेवून दिली. तोंड एवढंसं झालं होतं त्याचं.

तुम्ही म्हणाल, यात एवढं काय? दाजी-मेहुण्यात असली टिंगल चालायचीच. नकळत बोलून गेला माणूस. — नकळत? थांबा. मला सरळ सांगताच येत नाही, म्हणून आडून आडून यायलोय.

दोनेक आठवड्यांनी मन्मथ नांदेडला आला. न सांगता, सकाळच्या बसनं. दारातूनच बोलायला लागला, चेहरा नुसता फुललेला. लातुरात कानाच्या डॉक्टरकडं जाऊन आला होता. बसवेना म्हणे घरात, जीव टांगणीला लागलेला. तर डॉक्टरनं सगळं तपासून सांगितलं, कान उत्तम आहेत, पोरासोरासारखे. महानंदानं आनंदानं देवापुढं साखर ठेवली. मग चहा पिता पिता त्यानं मला हळूच विचारलं, "मग दाजी, त्यो व्हॉल्व्ह?"

त्याच्या आवाजात राग नव्हता हो. तुम्ही चुकलात, असंही त्याला म्हणायचं नव्हतं. फक्त मी एकदा म्हणावं, हो रे, वाजत असेल, माझ्याच लक्षात आलं नसेल. एवढंच पाहिजे होतं त्याला. एवढं म्हणायला किती लागतं? आणि मी काय म्हणालो माहितीये? म्हणालो, "ते मशीन बोलणं ऐकू येतं का एवढंच बघतं रे. बारीक आवाजाचे कान वेगळे असतात. ते आधी जातात, माणसाला कळतही नाही."

केवढ्या अधिकारानं सांगितलं! त्याला पटलं. का नाही पटणार? बोलणं अगदी डॉक्टरी होतं.

ते डॉक्टरचंच बोलणं होतं. माझ्या डॉक्टरचं. माझ्या कानांबद्दलचं. आणि ते त्यानं मला सांगितलं होतं — त्या व्हॉल्व्हच्या दिवसाच्या आधी.

झालं. निघालं एकदाचं तोंडातून.

माझ्या साउंडवरची माणसं मी बसवलेला आवाज माझी पाठ फिरली की बदलायची. मला वाटायचं, माजलेत. मग उमरीच्या एका लग्नात मी वळून बघितलं, तर समोरच्या बायका कानांवर हात धरून बसलेल्या. आमच्या माणसानं पटकन वरचा, चिरका आवाज कमी केला, बायकांनी हात काढले. मला मात्र आधीचं आणि नंतरचं सारखंच वाटलं. त्या माणसाला मी सगळ्यांदेखत झापलं आणि मग कुणाला न सांगता डॉक्टरकडं गेलो. त्यानं सांगितलं, बोललेलं तुम्हाला कळतंय म्हणून लक्षात आलं नाही, पण बारीक, वरचे आवाज गेलेत. ते परत यायचे नाहीत. मशीन लावा म्हणाला. साउंडवाल्यानं कानात मशीन लावायचं? उद्या कुणी मला काम देईल का? घरी येऊन महानंदाला सांगितलं, मळ होता, काढला.

म्हणजे मन्मथनं टिचकी दिली तेव्हा मला सगळं ठाऊक होतं. मला किणकिण ऐकू आली नाही, आणि त्याच क्षणी मला कळलं की व्हॉल्व्ह वाजतोय. तिळमात्र शंका नव्हती. जगात दुसऱ्या कुणावर नसेल एवढा माझा त्याच्या कानांवर विश्वास. तरी मी म्हणालो, तुझे कान गेले. कशाला म्हणालो? दोनतीन लोकांसमोर माझी निवड चुकली म्हणून? की कुणीतरी बहिरं ठरणारच होतं, तर ते मी नको म्हणून? दोन्ही. आणि तो माझ्यावर शंका घेणार नाही, याची पक्की खात्री होती म्हणून.

नंतरचं तुम्हाला दिसतच असेल. तरी सांगतो, मी बघितलंय ते. लग्नसराईत लातूरला गेलो होतो. दुकानात एक बाई लेकीच्या लग्नाची घागर घेऊन उभी. म्हणाली, अप्पा, वाजवून द्या. मन्मथचं बोट उचललं गेलं, घागरीजवळ आलं आणि तसंच मागं गेलं. म्हणाला, "बाई, मला आता कळत न्हाई. तुमी बघून घ्या." बाईला वाटलं, हा टाळायलाय. फणकाऱ्यानं निघून गेली. मी पलीकडं स्टुलावर बसलेलो होतो. माझ्या हातात त्यानंच मागवलेला चहा होता.

आता तो माणसांनाही "काय?" म्हणतो. ऐकू आलेलं असतं त्याला! मी बघितलंय, उत्तर ओठांवर आलेलं असतं. पण स्वतःच्या कानांवर विश्वास राहिला नाही, म्हणून दुसऱ्यांदा वदवून घेतो. गिऱ्हाईकं मोठ्यानं बोलायला लागलीत, तोही मोठ्यानं बोलायला लागलाय. चांगल्या कानांचा माणूस, बहिऱ्यासारखा गल्ल्यावर बसतो. कधीकधी मला त्याचाच संताप येतो. अरे गाढवा, डॉक्टरनं सांगितलंय ना? त्याच्यावर विश्वास ठेव की! एवढा शिकला तो काय उगीच? माझ्यावर कसला ठेवतोस? आणि मग त्या संतापाचं काय करायचं ते कळत नाही. इथं घरात चमचा पडला तरी मी खेकसतो.

फोन केलेत मी. सांगायचंच, असं ठरवून. तिकडून मोठ्यानं "बोला दाजी!" येतं आणि मी पाऊसपाणी विचारतो, सोयाबीनचं विचारतो. मी ना शेतकरी ना व्यापारी. सोयाबीनशी माझा काय संबंध?

गेल्या वर्षी त्यानं तो डबा माझ्याकडं पाठवून दिला. व्हॉल्व्ह, स्पीकर, रेकॉर्ड, सगळं. निरोप होता, दाजींना कळतंय, दाजींनी ऐकावं. तो आता आमच्या बैठकीत आहे. मी ऐकतो. मला सगळी गाणी गोधडीआडून आल्यासारखी ऐकू येतात. तो वाजणारा व्हॉल्व्ह अजून आतच आहे. बदलू म्हटलं, तर निवडू कसा? चार मागवले तरी त्यातला कुठला चांगला, कुठला किणकिणणारा, हे मला कोण सांगणार? सांगणारा एकच माणूस होता.

मागच्या महिन्यात गाणं चालू असताना महानंदानं त्या डब्याशेजारी चहाचा कप ठेवला. ठेवला आणि थबकली. कप उचलून पुन्हा ठेवला.

"अहो, कप ठेवला की ह्यात किण्ण करायलंय बघा."

मी म्हणालो, "मला तर काही येत नाही ऐकू."

हे खरं होतं. एवढं एक वाक्य खरं बोललो. ती त्याचा अर्थ तिच्या पद्धतीनं लावत उभी राहिली, आणि मी तो लावू दिला. मग ती खाली बसली. पदराशी चाळा करत म्हणाली, "माझेबी गेले का हो? आमच्या घरातच हाय ते. आधी आमचे वडील, मग मन्मथ."

मी म्हणालो, "वय झालं की होतं असं."

त्या दिवसापासून कुकर लावला की ती मला हाक मारते. म्हणते, तुमी मोजा, माझ्यानं चुकतंय. मी स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसतो. शिट्टी वर उचलली जाते ती डोळ्यांनी बघतो आणि तिला आकडा सांगतो.